होली काउ म्हणजे आपल्या गाईची टिंगल का?

सिन्नरची_सून:
कालचा किस्सा. बहिणीचा मुलगा आठ वर्षांचा, शिकागोजवळ राहतात ते. व्हिडिओ कॉलवर आईने त्याला उकडीचे मोदक दाखवले तर तो ओरडला, होली काउ!! झालं, आईचा चेहरा उतरला, म्हणे शाळेत गाईची टिंगल करायला शिकवतात की काय. मी म्हटलं तसं काही नसतं गं, पण मग काय असतं ते मलाही सांगता येईना. हे आपल्यावरूनच आलंय का? आणि शिवी आहे का, म्हणजे भाच्याला टोकायचं की नको?

जर्सीकर_काका:
शिवी नाही हो, शिवी टाळायची पळवाट आहे. बायबलच्या दहा आज्ञांत एक आहे की देवाचं नाव उगाच घ्यायचं नाही. आता माणूस दचकला की तोंडातून देवच निघणार, आपण अरे देवा म्हणतो आणि त्यात कुणाला काही वाटत नाही, पण त्यांच्याकडे ते पाप, मग काय करायचं तर शब्द अर्ध्यात वळवायचा. गॉडचं गॉश, जीझसचं जीझ, डॅमचं डार्न, हेलचं हेक. इंग्लंडातलं ब्लायमी म्हणजे तर गॉड ब्लाइंड मी, देवा मला आंधळं कर! १६०६ साली तिकडे कायदाच झाला होता, नाटकात देवाचं किंवा ख्रिस्ताचं नाव थट्टेत घेतलं तर १० पौंड दंड, त्या काळात म्हणजे चांगलाच खिसा रिकामा. तर होली क्राइस्ट म्हणता म्हणता क वर जीभ अडली आणि काउवर गेली असं बहुतेक जण मानतात. होली स्मोक, होली मॅकरेल पण असंच, मॅकरेल म्हणजे आपला बांगडा, तो कुठे कोण पुजतंय.

ढगाआडचा:
काका बरोबर, पण गाईचा आपल्याशी काहीच संबंध नाही असंही नाही. १९०५ सालच्या एका अमेरिकन पेपरात गमतीचं पत्र आहे, कुणी गोप्रेमी तक्रार करतोय की होली काउ ही हिंदूंची शपथ आहे आणि बिचाऱ्या दूध देणारीचं नाव फुकट वापरतात. म्हणजे गाय भारतात पवित्र हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यातूनच विनोद सुचला. तुमच्या आईंना एवढं सांगू नका मात्र 😄

तूपमीठभात:
ह्याला खरं गाजवलं बेसबॉलच्या कॉमेंटरीवाल्यांनी. हॅरी कॅरे आणि न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचा फिल रिझूटो, दोघांचा तकियाकलामच तो. ४ ऑगस्ट १९८५ ला रिझूटोचा सत्कार होता तर मैदानात डोक्यावर प्रभावळ लावलेली खरी गाय आणली, आणि त्या गाईने त्याच्या पायावर पाय देऊन त्याला पाडलं 😂 गोमातेने हिशोब चुकता केला.

बसस्टॉप_७:
आपल्याकडे उलटं आहे ना राव. आपण देवाला हाक मारतो बिनधास्त, आणि लपवतो काय तर आई. च्यायला, आयला, च्यामारी, सगळे आईवरून दिलेल्या शिव्यांचे कापलेले तुकडे. आणि आता आयला इतकं गुळगुळीत झालंय की माझी पोरगी आजीसमोर म्हणते, आजी हसते. भाच्याला टोकू नका, होली काउ तर आयलापेक्षाही सोवळं आहे.

सिन्नरची_सून:
धन्यवाद सगळ्यांना. आईला बसस्टॉपदादांचं सोडून बाकी वाचून दाखवलं. (पत्राचं पण दाखवलं, सॉरी ढगाआडचा.) तिने डाळ निवडता निवडता ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे स्वतःचा देव वाचवायला आमची गाय पुढे केली होय."