'गुप्तदान', 'निनावी देणगी' आणि पावतीवरचे 'हस्ते'

प्रश्न : सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आमच्या मंडळातर्फे अन्नदान होते आणि पावत्या फाडण्याचे काम माझ्याकडे असते. काही देणगीदार नावाच्या जागी 'गुप्तदान' लिहायला सांगतात, पण खाली 'हस्ते' म्हणून स्वतःचेच नाव घालायला लावतात. याला गुप्तदान म्हणावे का? 'निनावी देणगी' हा त्याचाच पर्यायी शब्द आहे का?

उत्तर १ : 'हस्ते' म्हणजे ज्याच्या हातून रक्कम पोचती झाली तो. देणारा एक आणि आणून देणारा दुसरा असेल तरच त्या रकान्याला अर्थ आहे. देणाऱ्याने तिथे स्वतःचे नाव घातले, तर पुढच्या दाराने बाहेर पाठवलेले नाव मागच्या दाराने आत घेतल्यासारखे होते. 'कै. अमुक यांचे स्मरणार्थ' ही गोष्ट वेगळी, कारण तिथे नाव सांगणे हाच हेतू असतो आणि त्यात लपवाछपवी नसते. (देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर रंगवलेली नावे मात्र पंखा बंद असेल तेव्हाच वाचता येतात, म्हणजे वीज गेली की दात्यांची कीर्ती होते.)

शब्दाचा एक जुना अर्थ आता मागे पडला आहे. कोहळ्यात किंवा लाडवात नाणे घालून तो दान देण्याची रीत होती आणि तिलाही गुप्तदानच म्हणत. तिथे देणारा आणि घेणारा समोरासमोर असत, लपलेली असे ती वस्तू. आज आपण दाता लपलेला धरतो, तेव्हा 'गुप्त' हे विशेषण दानापेक्षा दात्यालाच अधिक लागू पडते.

'निनावी' हा वहीखात्याचा शब्द आहे. देणाऱ्याची नोंद नाही, एवढेच तो सांगतो. मनात काय होते, हे सांगत नाही. आयकर कायद्यात निनावी देणगीचा स्वतंत्र विचार आहे : धर्मादाय संस्थेकडे अशा देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या, तर त्यांवर ३० टक्के कर बसतो, आणि निव्वळ धार्मिक संस्थांना यातून सूट आहे. म्हणून ज्याने पॅन क्रमांकासह पूर्ण नाव दिले, पण 'फलकावर लिहू नका, माइकवरून पुकारू नका' असे बजावले, त्याचे दान निनावी नाही आणि तरीही गुप्त आहे. शिवाय पत्र, फोन, तक्रार यांच्यामागे लागून 'निनावी' या शब्दाला थोडा वास येऊ लागला आहे. 'गुप्त'ही फार सोवळा नाही म्हणा. हेर आणि रोग त्याच्याच पंक्तीला बसतात.

दोष नेमका कशात आहे, हे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातील 'दानं च परिकीर्तनात्' या चरणात स्पष्ट आहे. सांगत सुटल्याने दान क्षीण होते, असे तिथे म्हटले आहे. कोणाला कळले तर ते क्षीण होते, असे म्हटलेले नाही. तैत्तिरीय उपनिषदात 'श्रद्धया देयम्'च्या थोडे पुढे 'ह्रिया देयम्' येते, म्हणजे द्यायचे ते संकोचाने द्यावे. श्रद्धेने देणाऱ्याला आपण देतो आहोत याचीच थोडी लाज वाटावी, ही अपेक्षा मला 'गुप्त' या शब्दापेक्षाही अवघड वाटते.

उत्तर २ : वरील विवेचनाला सोलापूरकडून थोडी जोड देतो. 'या हाताचे त्या हाताला कळू नये' हे आपण सहज बोलतो. त्याच आशयाचे वचन बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे आणि हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतही आहे. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत उघड दानाला चांगले म्हटले आहे आणि गरिबाला गुपचूप दिलेल्याला अधिक चांगले, म्हणजे तिथेही उघड देण्याला मनाई नाही. लिंगायत परंपरेतील 'दासोह' हा शब्द तर लपवण्याविषयी काहीच बोलत नाही. आपल्या कायकाचे, म्हणजे श्रमाचे, फळ जंगमाला (लिंगायत धर्मगुरूला) आणि समाजाला अर्पण करणारा स्वतःला दाता न म्हणता दास म्हणवतो.

ज्यांची ही गड्ड्याची यात्रा, त्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात इथे तळे खोदवले. तळे काही गुप्त ठेवता येत नाही. परंपरा सांगते की, ते काम चालू असताना शरण संत अल्लमप्रभू आले आणि त्यांनी सिद्धरामांचा 'वड्डर' (दगडमातीचे काम करणारा) असा उल्लेख केला, तेव्हा चिडलेल्या मजुरांनी दगड उचलले. अल्लमप्रभूंचा आक्षेप तळ्याला नव्हता, 'हे मी बांधतो आहे' या भावनेला होता. त्यामुळे काम दिसते की नाही, यावरून गुप्तपणा ठरवू नये, असे माझे मत आहे.

आणखी एक बाजू राहते, ती घेणाऱ्याची. रमजानच्या किंवा दिवाळीच्या आधी घरी शिधा पोचवून पिशवीसह कुटुंबाचा फोटो काढला आणि त्यात देणाऱ्याचा चेहरा येऊ दिला नाही, तर दाता गुप्त राहिला असला तरी त्याला गुप्तदान म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्या पावतीपुस्तकापुरते सांगायचे, तर स्थळप्रतीवर (मंडळाकडे राहणाऱ्या प्रतीवर) हिशेबासाठी खरे नाव लिहावे, फलकावर फक्त 'गुप्तदान' लिहावे, आणि दाता स्वतः आला असेल तर 'हस्ते'पुढे रेघ मारावी.