न्यूझीलंडात गाडीने फिरत गाव शोधायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे. मी दूध प्रक्रियेत, बायको नर्स. न्यूझीलंडला जायचं नक्की, पण राहायचं कुठे यावर घरात रोज खल. म्हणून ऑक्टोबरात आधी नुसतं फिरून यावं म्हणतोय: क्राइस्टचर्च, टेकापो, लिंडिस पास, क्वीन्सटाउन, इन्व्हरकार्गिल आणि परत डुनेडिन, टिमारूवरून.

टेकापोच्या तळ्याचं पाणी हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठामुळे तसं निळं दिसतं म्हणे. बायकोला तिथेच राहायचंय! पण पोट तळ्यावर भरत नाही. फॉन्टेरा या दूध कंपनीचे मोठे कारखाने टिमारूजवळ क्लँडबॉयला आणि इन्व्हरकार्गिलकडे एडनडेलला, म्हणून माझा डोळा त्या दोन गावांवर. दोन्हीकडे कुणी राहिलंय का? घरभाडं, शाळा, थंडी कशी? आणि वांगी-भरीताचं सामान मिळतं का, हे आईने विचारायला सांगितलंय.

गाडी डावीकडूनच चालवायची आणि आपलं इंग्रजी लायसन्स चालतं, त्यामुळे ती काळजी नाही. गगनबावड्याच्या घाटात हात बसलाय, पण बर्फात कधी चालवलेली नाही. लिंडिस पास हा घाट 971 मीटरवर. ऑक्टोबरात टायरला बर्फाच्या चेन लागतील का? आई सोबत येणार आहे, तिचे गुडघे दुखतात. कॅम्परव्हॅन घेऊ की साधी गाडी आणि मोटेल?