उंदीर दारू जास्त प्यायला म्हणजे व्यसनी झाला का?

मधुरा_बी
सेमिनारला अल्कोहोल डिपेंडन्स घेतलंय आणि जो पेपर उघडावा त्यात उंदीरच. पद्धत बऱ्याच ठिकाणी तीच, पिंजऱ्याला दोन बाटल्या, एकीत साधं पाणी, दुसरीत १० टक्के अल्कोहोल, आणि कुठली जास्त संपते ते बघायचं. आता मला सांगा, जास्त प्यायला म्हणजे व्यसन लागलं का? चव आवडली असेल, शिवाय अल्कोहोलमधून ग्रॅममागे ७ कॅलरी मिळतात, म्हणजे नुसती भूक म्हणूनही पीत असेल की. परीक्षक नेमकं हेच विचारणार. कोणी या फील्डमधलं असेल तर जरा सविस्तर लिहा ना प्लीज.

खवचट_खारूताई
नाही लागलं, संपला विषय. उंदराला ना नोकरी जायची भीती ना घरात भांडणं, त्याचं कसलं आलंय व्यसन. उगाच जीव घेतात बिचाऱ्यांचे.

पिंजरेवाला
मधुरा, शंका रास्त आहे. दोन बाटल्यांवरून फक्त पसंती कळते, डिपेंडन्स नाही, आणि हे त्या फील्डमधले लोकही मान्य करतात.

ब्लॅक ६ जातीचे उंदीर आवडीने पितात, डीबीए/२ तोंडही लावत नाहीत. जातीजातीतला हा फरक १९५९ साली मॅक्लर्न आणि रॉजर्सनी दाखवला, म्हणजे जीन्सचा हात आहे हे कळलं. पण म्हणून डीबीए/२ ला निर्व्यसनी ठरवू नकोस हां, त्याला मुख्य अडचण चवीची आहे. इंजेक्शनने अल्कोहोल दिलं तर जिथे दिलं त्या कप्प्यातच तो जाऊन बसतो, आणि थेट पोटात नळीने मिळायची सोय केली तर तोही भरपूर घेतो. वर त्याचा विथड्रॉवल कडक असतो आणि आवडीने पिणाऱ्या ब्लॅक ६ चा सौम्य. म्हणजे किती पितो आणि बंद केल्यावर किती त्रास होतो या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या, सेमिनारमध्ये यावरच जोर दे.

खरं डिपेंडन्स बघायचं तर व्हेपर चेंबर, म्हणजे वाफ सोडायची बंद पेटी. दिवसाला १६ तास अल्कोहोलची वाफ, असे चार दिवस, मग तीन दिवस बंद, आणि हेच चक्र पुन्हा पुन्हा. उंदीर अल्कोहोल फार पटकन पचवतो (दोन बाटल्यांत दिवसभर घोट घोट प्यायला तर रक्तात फारसं चढतच नाही) म्हणून सोबत पायराझोल देतात, हे अल्कोहोलचं पचन मंदावणारं रसायन, त्याने रक्तातली पातळी टिकते. अशा चक्रांनंतर बाटली दिली की ब्लॅक ६ आधीपेक्षा जास्त पितो, आणि नुसती हवा मिळालेले उंदीर तसे वाढत नाहीत. कॅलरी हवी असती तर तेही वाढले असते ना. विथड्रॉवल मोजायला शेपटीने उचलून हळूच गिरकी देतात, झटके येतात का बघतात आणि त्याला मार्क देतात. पहिल्यांदा बघताना पोटात कालवतं, खोटं कशाला सांगू.

अजून एक, बाटलीत क्विनाईन घालून कडू करतात. कडू असूनही पीतच राहिला तर चवीचा मुद्दा निकालात.

खवचट_खारूताई
बरं मान्य. पण औषधांचं काय? उंदरात चालतं आणि माणसात आपटतं, हे तर नेहमीचंच.

रात्रपाळी
दोन्ही होतं. नालट्रेक्सोन या औषधाने प्राण्यांचंही पिणं कमी होतं, आणि अमेरिकेत १९९४ पासून माणसांच्या दारूच्या व्यसनासाठी त्याला परवानगी आहे. उलट सीआरएफ-१ रिसेप्टर (मेंदूतला ताणाशी संबंधित रिसेप्टर) अडवणारी औषधं डिपेंडंट उंदरांत मस्त चालली, पण त्यातली पेक्सासरफाँट आणि व्हेरुसरफाँट माणसांवर तपासली तर दारूची ओढ काही कमी झाली नाही. खारूताई, हे दुसरं उदाहरण तुझ्या बाजूने धर.

पण सगळे उंदीर एका माळेचे मणी नसतात हे पण लक्षात घ्या. २०१८ मध्ये रॅट्सवर (मोठ्या जातीचे उंदीर) एक काम आलं, त्यात अल्कोहोल किंवा गोड पाणी यातलं एक निवडायचं होतं, बहुतेकांनी गोड घेतलं आणि साधारण १५ टक्केच अल्कोहोलला चिकटून राहिले. माणसांतही पिणारा प्रत्येकजण व्यसनी होत नाहीच की. मला तरी हेच मॉडेल सगळ्यात पटतं, सरासरी काढून सगळ्यांना एकच ठरवण्यापेक्षा त्या थोडक्यांच्या मेंदूत काय वेगळं आहे ते शोधायचं.

मधुरा_बी
बापरे, खूप थँक्स दोघांना! एक शेवटचं, बाटलीतून थेंब गळतात त्याचं काय करतात? तेही प्यायलेलंच धरत असतील तर सगळे आकडे फुगतील.

पिंजरेवाला
एक पिंजरा उंदराशिवाय ठेवायचा, त्यालाही तशाच दोन बाटल्या लावायच्या, आणि त्यात जेवढं वजन घटेल तेवढं बाकी सगळ्यांतून वजा. शिवाय रोज डावी-उजवी बाटली बदलायची, कारण काही उंदरांना एकाच बाजूची सवय असते, आत काहीही असो. पेपरच्या मेथड्समध्ये या दोन गोष्टी दिसल्या नाहीत तर खुशाल प्रश्न विचार.