परतीनंतरचे आठ दिवस

गेल्या महिन्यात बाईकवरून पुणे-लेह-पुणे करून आलो. प्रवासवर्णन लिहायला बसलो, पण दोन परिच्छेदांपुढे गाडी हलेना. डोक्यात परतल्यानंतरचंच घोळतंय.

मनालीहून लेहला जाताना तांडीच्या पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' अशी पाटी आहे. तिथून पेट्रोलचा धसका बसला तो बसलाच. सरचू असो की पँग, थांबलो की आधी टाकी हलवून बघायची. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो, तर चौकातल्या पंपावर टाकी तोंडापर्यंत भरून घेतली. पोरगा म्हणाला, "काका, लांब निघालात?" म्हटलं, "कोथरूड." रिकामे कॅन अजून कॅरिअरला बांधलेलेच आहेत.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगच्या पट्ट्यांवरून अर्धा तास खल चालला, मी मधूनच उठून आलो. घरचे म्हणतात, माज आलाय. माज नाही हो, पण काय आहे तेही सांगता येईना. तुमचं असं झालंय का? गाडीनेच गेलेले हवेत असं नाही. लिहा.

*

मी गाडीने नाही, पायी गेले होते. नर्मदा परिक्रमा, चार महिने. ओंकारेश्वरला सांगतेची कढई (शिऱ्याचा प्रसाद) केली आणि नाशिकला घरी आले.

परिक्रमेत मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही. आता भाजीला निघाले तरी उजवी बाजू ओकीओकी वाटते. रस्ता ओलांडताना क्षणभर पाय अडतो, हे कुणाला सांगायचं? दूधवाल्याला एकदा "नर्मदे हर" म्हणून गेले. तो बिचारा "हर" म्हणाला आणि पिशवी ठेवून सटकला.

खरं अवघडलेपण स्वयंपाकघरात. मिसळणाचा डबा माझ्या हाताच्या जागी नाही, तिथे चहा-साखर. सूनबाईने घर माझ्यापेक्षा नीट चालवलंय, तक्रार करायला जागाच नाही. तिकडे अनोळखी लोक "माताराम, बैठो" म्हणून ताट पुढे करायचे, तेव्हा संकोच वाटला नाही. इथे स्वतःच्या घरात विचारते, "मोहरी कुठे गं?"

*

आमचा धंदाच हा, ट्रकचा. पिंपळगावला कांदा भरायचा, गुवाहाटीला खाली करायचा, येताना मिळेल तो माल. घरी आलो की पहिल्या रात्री पलंगावर झोप लागत नाय. पंख्याचा आवाज पुरत नाय. मग दारात उभ्या गाडीत जाऊन पडतो. शेजारीपाजारी समजतात भांडण झालं. मंडळी सकाळी चहा केबिनमध्येच आणून देते, वर म्हणते, "क्लीनरचा पगार द्या आता."

*

दुसरी बाजू लिहिते. आमचे हे मित्रांबरोबर कारने काश्मीर करून आले. मला महिनाभर कुकर लावायची घाई नव्हती, रात्री मुगाची खिचडी आणि रिमोट माझा. हे आल्यावर पहिले तीन दिवस ढाब्यावरच्या चहाचं कौतुक ऐकलं. चौथ्या दिवशी आईंची औषधं आणायला पाठवलं. दुकान हलून दोन आठवडे झाले होते. जुन्या शटरसमोर उभं राहून फोन करत होते मला.

*

वाचतोय सगळ्यांचं. काल कॅन सोडले. गाडी वळणावर हलकी लागते, सवय होईपर्यंत जपून चालवतोय.