शब्दचर्चा : ‘पॉटेज’ला मराठीत काय म्हणावं?

उखळ :
चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या खेड्यांवरचा मजकूर मराठीत आणतो आहे. कुळांच्या जेवणात ‘पॉटेज’ पानोपानी येतं. मी ‘आंबील’ लिहिलं होतं, संपादनात त्याचं ‘सूप’ झालं. सूप आपण जेवणाआधी पितो, हे तर अख्खं जेवण होतं. कृती साधारण अशी : वाळलेले वाटाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी मातीच्या मडक्यात पाण्यासकट निखाऱ्यांत ठेवायचे. ऐपत असेल त्याच्याकडे पितळी हंडा आगीवर टांगलेला. दाणे मऊ झाले की कांदा, लीक (कांद्याच्याच जातीची जाड पात), कोबीच्या जातीचा पाला. ओट किंवा जवाचा भरडा सगळ्यात शेवटी, आधी टाकला तर तळाशी बसून करपतो. मीठ. घरात असलाच तर खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा. शब्द सुचवा.

पाटावरवंटा :
‘आंबील’ खोडलं ते बरं झालं. नाचणीचं किंवा ज्वारीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवायचं, सकाळी आधणात धार धरून ओतायचं आणि हात न थांबवता ढवळायचं, ती आंबील. आंबवल्याशिवाय तिला ते नाव नाही. पॉटेजमध्ये आंबवणं नाही आणि पीठही नाही, भरड आहे. भरडीला आपल्याकडे नेमका शब्द आहे : कण्या. ज्वारी जात्यावर जाडसर भरडायची, पाखडून कोंडा आणि पीठ काढायचं, उरतात त्या कण्या. पाण्यात शिजवून वर ताक. गरिबाच्या घरचं पोटभरीचं अन्न, दर्जाही जुळतो.

कोकणवाट :
कण्यांत कडधान्य कुठे आहे? माझं मत ‘पेज’. संस्कृत पेया, प्राकृत पेज्जा, मराठी पेज, अशी सरळ वंशावळ आहे. दाटपणाची मोजमापंही आपल्याकडे पूर्वीपासून ठरलेली आहेत. वैद्यकाच्या परिभाषेत विलेपीला (घट्ट पेज) धान्याच्या चौपट पाणी, भाताला पाचपट, यवागूला (पातळसर पेज) सहापट आणि मंडाला (नुसती निवळ) चौदापट. एवढी बारीक वाटणी ज्या परंपरेत आहे तिथे शब्द उसना का आणायचा?

जुनाबाजार :
पेज म्हटलं की वाचकाला उकडा तांदूळ आणि वरचं पाणी दिसणार. पॉटेज त्याहून बरंच दाट. ‘यवागू’ अर्थाने जवळ आहे, यव म्हणजे जवच, पण तो शब्द आज वैद्य सोडून कुणाला कळतो? मी ‘कालवण’ म्हणेन. कशाशी तरी कालवून खायचं ते कालवण, आणि तिकडे पाव ह्यातच बुडवून खात.

पाटावरवंटा :
कालवणाला भाकरी किंवा भात लागतोच, ते एकटं जेवण होत नाही. पॉटेज होतं. पिठासाठी धान्य संपत आलं की भाजलेला पाव आधी बंद होई, मडकं नाही. कारण साधं आहे. खेड्यात पाव करायचा तर धान्य मालकाच्या गिरणीवर दळायचं, त्यातला वाटा गिरणीला द्यायचा, वर भट्टी आणि सरपण. मडक्यात तेच धान्य घरच्या घरी, कोंड्यासकट, पाण्याने फुगून वाढतं.

रानजाई :
‘सूप’वर एवढा राग कशाला? तो आपलाच शब्द आहे. संस्कृतात सूप म्हणजे वरण, सूपकार म्हणजे आचारी. इंग्रजांनी तो इथूनच नेला.

जुनाबाजार :
नाही हो. इंग्रजी सूप फ्रेंच ‘सूप’वरून आला आणि त्याचा जुना अर्थ रश्शात भिजवलेला पावाचा तुकडा, पातळ पदार्थ नव्हे. संस्कृत सूपाशी नुसतं ध्वनिसाम्य. धान्य पाखडायचं सूप तिसरंच, ते शूर्पावरून. तीन वेगळे शब्द एका उच्चारात आले म्हणून नातं जोडता येत नाही.

रानजाई :
व्युत्पत्ती सोडा, अर्थ घ्या. संस्कृत सूप डाळीचं, पॉटेज वाटाण्याचं. एवढं जुळत असताना आपला शब्द हॉटेलच्या मेनूकार्डाला देऊन टाकायचा, हे मला मान्य नाही.

तिफण :
‘पॉटेज’च ठेवा. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘पॉटमध्ये शिजलेलं’ इतकाच. मराठी वाचक ‘हंडी’ हा पदार्थ म्हणून चालवून घेतो, तो पॉटेजही चालवून घेईल. पहिल्यांदा एका वाक्यात समजवा आणि पुढे जा. मला काळजी त्याच परिच्छेदातल्या बाकीच्या शब्दांची आहे. पॉटेज परकं राहिलं तर वाचक थांबून विचार करेल. हे शब्द ओळखीचे वाटतात, त्यामुळे चूक पकडली जात नाही :

‘कॉर्न’ला मका लिहू नका. तिथे कॉर्न म्हणजे कुठलंही धान्य. मका अमेरिकेतला, १४९२ च्या आधी युरोपात नव्हता. बटाटा, टोमॅटो, मिरचीचंही तेच.

‘बीन्स’ला राजमा किंवा श्रावणघेवडा लिहू नका, त्या जातीही अमेरिकेतल्या. इथला दाणा बाकल्याचा : चपटा, जाड सालीचा. जुना झाला आणि पाणी जड असलं तर तासन्‌तास उकळूनही शिजत नाही, म्हणून रात्रभर भिजवणं आलं.

‘राय’ हे गव्हासारखं धान्य, त्याला राई लिहिलंत तर वाचक मोहरीची भाकरी समजेल. ‘बार्ली’ला जव लिहा, पण पुढे ‘स’ लागू देऊ नका, जवस म्हणजे अळशी. ही चूक छापून आलेली बघायला मिळते.

आणि ‘फास्ट’ला नुसतं ‘उपवास’ नको. आपल्या उपवासात धान्य-कडधान्य वर्ज्य, तिकडे लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, चाळीस दिवसांत मांस, अंडी, दूध, लोणी वर्ज्य आणि वाटाण्याचं पॉटेज हेच मुख्य जेवण. नुसतं ‘उपवास’ लिहिलं तर अर्थ उलटाच होतो.

कोकणवाट :
जवाऐवजी ‘सातू’ का नको? आमच्याकडे सातू हेच धान्याचं नाव आहे.

पाटावरवंटा :
कारण बहुतेकांना सातू म्हणजे पीठ. मूळ सक्तु, म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ. गहू किंचित ओला करून कांडायचा, साल काढायची, वाळवून भाजायचा, डाळं मिसळून दळायचं. ते गूळ-दुधात कालवून न शिजवता खाता येतं, कारण धान्य आधीच भाजलंय. कच्च्या जवाचा भरडा असा कालवून खाल्ला तर पोट दुखेल. ‘सातू शिजवून खात’ हे वाक्य अर्ध्या महाराष्ट्राला चुकीचं वाटेल.

कोकणवाट :
आणि उरलेल्या अर्ध्या महाराष्ट्राला बरोबर वाटेल! बोलीतला चालता शब्द प्रमाण नाही म्हणून बाजूला सारायचा, ह्याला माझा विरोध आहे. सक्तुवरूनच धान्याला नाव पडलं असेल तर ते नावही खरंच.

उखळ :
जव नक्की करतो. पण मग ‘मॅसलिन’चं काय? गहू आणि राय एकत्र पेरून, एकत्र कापून, त्याच मिसळीच्या पिठाचा पाव.

तिफण :
‘मिसळ धान्य’. पण ते एकत्र का पेरत, हे मजकुरात येऊ द्या. रायला हलकी जमीन आणि थंडी सोसते, गव्हाला नाही. एक गेलं तर दुसरं हाती लागतं. १३१५ साली पावसाने उसंत दिली नाही, तेव्हा मात्र दोन्ही शेतातच कुजली. ऊन नसल्याने मीठही आटेना, म्हणजे मांस-मासे खारवायची सोय गेली. त्या दुष्काळावरचा परिच्छेद असेल तर तिथे पॉटेजमध्ये मांसाचा तुकडा घालू नका.

जुनाबाजार :
‘पाव’ ह्या शब्दाबद्दलही बोलायला हवं. तो पोर्तुगीजांकडून आला आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर फुगलेला मैद्याचा लादीपाव येतो. जवाच्या पिठाला चिकटपणा कमी, ते धड फुगत नाही. ‘जवाची भाकरी’ जास्त जवळची.

रानजाई :
भाकरी तव्यावरची. हे भट्टीतलं किंवा चुलीच्या तापल्या दगडावर उपड्या मडक्याखाली भाजलेलं. आणि बाजारातल्या विकतच्याला ‘पाव’च म्हणावं लागेल, कारण तिथे साधारण १२६६ पासूनचा कायदा आहे : किंमत तीच, गहू महागला की वजन कमी. ‘पेनीची भाकरी’ कानाला बरी लागत नाही.

उखळ :
पुढच्याच ओळीत ‘एल’ आहे. ‘बिअर’ लिहू का?

तिफण :
नको. बिअरमध्ये हॉप्स, म्हणजे कडवटपणा आणणारी एका वेलीची फुलं, त्या काळच्या एलमध्ये ती नाहीत. हॉप्सची बिअर इंग्लंडात १४०० च्या आसपास समुद्रापलीकडून यायला लागली, ती महिनोन्‌महिने टिकते. एल काही दिवसांत आंबट. जव भिजवायचा, मोड आणायचे, भट्टीवर वाळवायचा, भरडून गरम पाण्यात घालायचा, गाळून आंबवायचा. त्याच भरडीवर दुसऱ्यांदा पाणी घातलं की पातळ एल, पोरंबाळं प्यायची ती. टिकत नसल्याने एका घरी मोठा घाणा करून उरलेली शेजारी विकायची, पुढच्या खेपेला दुसरं घर. हे बहुतेक बायकांचं काम.

पाटावरवंटा :
मोड आलेल्या जवाला ‘माल्ट’ नको, ‘मोडाचा जव’ लिहा.

कोकणवाट :
मोडाचा सातू!