वायफाय जोडलेलं दाखवतंय पण इंटरनेट नाही, वॅन आयपी ०.०.०.०

घाटमाथा:
घरी फायबर आहे. सेवादाराने बसवलेला ओएनटी (फायबरची तार जिथे येते तो डबा), आणि त्याच्या लॅन १ मधून केबल आपल्या राउटरच्या निळ्या वॅन पोर्टला (बाहेरचं नेट आत येतं तो). वीज जाऊन आल्यावर नेट आलं नाही म्हणून राउटरच्या मागच्या भोकात पिन घालून बटण दहा सेकंद दाबलं. आता वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्या स्टिकरवरचे झालेत. फोन जोडला जातो, पण 'इंटरनेट नाही' असं दाखवतो. ओएनटीवर पॉन (फायबर जोडणीचा दिवा) हिरवा स्थिर, लॉस (सिग्नल गेल्याचा दिवा) बंद, लॅन १ लुकलुकतोय. राउटरच्या पानावर वॅनचा प्रकार 'डायनॅमिक आयपी', पत्ता ०.०.०.०. माणूस परवा येणार म्हणतात. तोवर घरी काय तपासता येईल?

तारजोडणी:
पॉन स्थिर आणि लॉस बंद आहे, म्हणजे फायबरची लाइन ठीक आहे आणि ओएनटीची पलीकडे नोंदणीही झाली आहे. लॉस लाल असता तर घरात करण्यासारखं फारसं काही नसतं. घोळ आता ओएनटी आणि राउटर यांच्यामध्येच आहे.

पिन घातलीत ती मात्र महागात पडली. वीज जाऊन आल्यावर बंद करून पुन्हा चालू करायचं असतं, रिसेट नाही. रिसेटने राउटरमधलं सेवादाराचं यूजरनेम-पासवर्ड पुसलं जातं आणि वॅन बहुतेक राउटरांत 'डायनॅमिक आयपी'वर जातं.

आता राउटर बाजूला ठेवा. ओएनटीच्या लॅन १ मधली केबल थेट लॅपटॉपला लावा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि आयपी बघा.

१९२.१६८.१.काहीतरी मिळाला आणि नेट चाललं, तर डायलिंग (यूजरनेम-पासवर्ड देऊन सेवादाराशी जोडणी) ओएनटीच करतोय. मग राउटरवर 'डायनॅमिक आयपी'च बरोबर.

१६९.२५४ ने सुरू होणारा आला, तर समोरून आयपी द्यायला कुणीच नाही. हा पत्ता विंडोजने स्वतःच घेतलेला असतो. म्हणजे ओएनटी बहुधा ब्रिज मोडमध्ये आहे (स्वतः डायल न करता नुसतं पुढे देतोय) आणि पीपीपीओई, म्हणजे यूजरनेम-पासवर्डचं, डायलिंग तुमच्या राउटरलाच करावं लागेल.

चौथा_मजला:
एक रिसेट झालाय, दुसरा ओएनटीचा करू नका, कुणी कितीही सुचवलं तरी. त्यातली सेवादाराची सेटिंग गेली तर पॉनसुद्धा येणार नाही आणि मग खरोखरच माणसाची वाट बघावी लागेल. हिरव्या टोकाची बारीक तारही उगाच काढू नका. त्या कनेक्टरचं तोंड ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, त्यावर बोटाचा तेलकटपणा लागला तरी सिग्नल पडतो. आणि उघड्या टोकात डोळा घालून बघायचं नाही. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला चांगला नाही.

घाटमाथा:
लॅपटॉपवर १६९.२५४ च आला. सेवादाराच्या मदतकेंद्रातून यूजरनेम-पासवर्ड मिळवला. विंडोजमध्ये ब्रॉडबँड कनेक्शन बनवलं, आधी ६९१ एरर आली. यूजरनेमच्या शेवटी चुकून एक स्पेस गेली होती, ती काढल्यावर लॅपटॉपवर नेट सुरू झालं. मग केबल काढून राउटरला लावली, पीपीपीओई निवडून तेच तपशील भरले, तर 'कनेक्टिंग'वरच अडकलंय.

तारजोडणी:
६९१ म्हणजे पलीकडून उत्तर आलं, पण यूजरनेम किंवा पासवर्ड नाकारला. ६५१ आली असती तर पलीकडून उत्तरच नाही असं धरून केबल, पोर्ट आणि व्हीलॅन (सेवादार पॅकेटला लावतो तो क्रमांकाचा टॅग) बघावं लागलं असतं.

अडकण्याची दोन कारणं संभवतात. पहिलं: लॅपटॉपवर 'डिस्कनेक्ट' न दाबता केबल काढली असेल, तर सेवादाराच्या सर्व्हरवर जुनं सेशन उघडंच राहतं. एका खात्यावर एकच सेशन देत असतील, तर राउटरला आत घेत नाहीत. राउटर १०-१५ मिनिटं बंद ठेवा, तेवढ्यात ते सेशन सहसा सुटतं.

दुसरं: काही सेवादार खातं एका उपकरणाच्या पोर्टच्या ओळख-क्रमांकाला, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसला बांधतात. थांबूनही जमलं नाही तर राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये 'मॅक क्लोन' (राउटरला दुसऱ्या उपकरणाचा मॅक लावायची सोय) शोधा. लॅपटॉपच्या वायफायचा मॅक नको. ज्याने डायल केलं त्या केबल पोर्टचा मॅक भरा. नाहीतर मदतकेंद्राला फोन करून 'मॅक रिलीज करा' एवढंच सांगा.

व्हीलॅनचा रकाना मात्र रिकामाच ठेवा. लॅपटॉपवर व्हीलॅन न टाकता डायल झालं, म्हणजे तो टॅग ओएनटीच लावतोय.

घाटमाथा:
थांबून पुन्हा चालू केल्यावर जोडलं गेलं, क्लोनची गरज पडली नाही. वॅन आयपी १००.७२ ने सुरू होतो. पण काही साइट उघडतात, काही नुसत्या गोल फिरत राहतात. पिंग ८.८.८.८ व्यवस्थित येतं.

चौथा_मजला:
१००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता म्हणजे सेवादार एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटतोय. साध्या वापराला अडचण नाही. घरचा कॅमेरा बाहेरून बघायला पोर्ट उघडायचं असेल तरच अडतं.

साइट फिरत राहण्याचं मूळ दुसरीकडे आहे. आधी राउटरच्या पीपीपीओई पानावर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) बघा. तिथे १५०० असेल तर १४९२ करा. पीपीपीओईचं वेष्टण ८ बाइट खातं, त्यामुळे पूर्ण १५०० चं पॅकेट त्यातून जात नाही. पिंगचं पॅकेट छोटं म्हणून ते सुखाने जातं आणि सगळं ठीक आहे असा भास होतो. १४९२ ने भागलं नाही तर १४८० करून बघा.

त्यानेही फरक पडला नाही तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारी सेवा). राउटरवर पहिला १.१.१.१ आणि दुसरा ८.८.८.८ हाताने भरा. साइटचं नावच सापडत नसेल तर ब्राउझर 'पत्ता सापडला नाही' असं लगेच सांगतो. नाव सापडून पान अर्धवट लटकत असेल तर संशय एमटीयूवर.

घाटमाथा:
एमटीयू १५०० च होता. १४९२ केला, सगळ्या साइट उघडतायत.

तारजोडणी:
मग आता राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, रिसेटने तोही मूळचा झालाय. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता वायफाय जोडायची सोय) बंद करा. आणि 'बॅकअप अँड रिस्टोअर'मधून सेटिंगची फाइल लॅपटॉपवर उतरवून ठेवा. पुढच्या वेळी पिन लागलीच तर ती फाइल चढवली की पीपीपीओईसकट सगळं परत येतं, मदतकेंद्राच्या रांगेत थांबावं लागत नाही.