फुनाफुटीला कुटुंबासह राहायला जाण्याविषयी मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या पतींना पॅसिफिक महासागरातील तुवालू या छोट्या बेटराष्ट्राची राजधानी फुनाफुटी येथे दोन वर्षांच्या करारावर अभियंत्याचे काम मिळण्याची शक्यता असून, लहान मुलीला घेऊन तेथे जावे की नाही, हे आम्हाला ठरवायचे आहे. पगार ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये मिळेल, ही जमेची बाजू. मात्र जेमतेम अकरा हजार वस्तीच्या या देशात एकही नदी नाही, पिण्याचे पाणी मुख्यतः छपरावरून टाक्यांत साठवलेल्या पावसाचे असते, आणि २०११ मध्ये पाऊस न झाल्याने तेथे आणीबाणी जाहीर करावी लागली होती, हे वाचल्यापासून मन साशंक झाले आहे. (समुद्राची पातळी वाढण्याविषयी सगळेच बोलतात; दोन वर्षांसाठी जाणाऱ्यांच्या दृष्टीने मला तरी टाकीची चिंता अधिक खरी वाटते.)

मुलीला दम्याचा त्रास आहे. तेथे रुग्णालय एकच असून गंभीर रुग्णांना फिजीला हलवावे लागते, आणि विमान रोज नसते. अशा वेळी कुटुंबांनी औषधांचा साठा आणि विम्याची सोय कशी केली, हे कोणी सांगू शकेल का? प्रवाळाच्या वाळूत भाजीपाला फारसा पिकत नाही. तेव्हा फिजीतील भारतीय दुकानांतून डाळी व मसाले जहाजाने मागवता येतात का, आणि घर कंपनीनेच द्यावे असा आग्रह करारापूर्वी धरावा का, याविषयीही पॅसिफिक बेटांवर राहिलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.